गोलाईतला खो

सांगा बघू, भरवसा कोणावर ठेवाल? शेवटपर्यंत उभा राहतो त्याच्यावर, की सगळ्यांच्या आधी पडतो त्याच्यावर?

घाई नको. मीही गल्ल्यावर बसून हा प्रश्न बरीच वर्षं घोळवलाय.

आमचं भांड्यांचं दुकान लातूरच्या गंजगोलाईत, म्हणजे तिथल्या गोल बाजारपेठेत. गिऱ्हाईक येतं, पातेलं वाजवून बघतं आणि विचारतं, शेठ, जाड बुडाचं घेऊ की पातळ बुडाचं? जाड बुडाचं जन्मभर टिकतं, पातळ बुडाचं लवकर तापतं. मी उलट विचारतो, पानावर कोण बसलंय? भुकेलं लेकरू बसलं असेल, तर जन्मभराचं पातेलं काय करायचंय...

पण हे शहाणपण माझं नाही. होनरावबाईंचं आहे.

बाईंनी आमच्या शाळेत खो-खो शिकवण्यात उभी हयात घालवली. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर भाच्यानं त्यांच्या मोबाईलमध्ये एक चालण्याचा खेळ टाकून दिला. चालत राहिलं की वाटेत योद्धे सापडायचे. आणि गावातल्या एखाद्या मोठ्या जागी अधूनमधून असुर उतरायचा. तो एकट्यानं पडत नसे. माणसं जमवायला लागत, ठरलेल्या वेळात त्याला पाडावं लागे, आणि पडला की तो लढणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये जमा होई. अशा लढाईला खेळणारी पोरं रेड म्हणत.

आमच्या गोलाईत मधोमध देवीचं मंदिर. असुर तिथंच उतरायचा, आणि पायऱ्यांपाशी आम्ही जमायचो. बाई, मी, मुनीर टेलर, कॉलेजच्या दोन मुली. सगळे माना खाली घालून गप्प उभे. येणारा-जाणारा हळूच विचारायचा, कोण गेलं हो?

काय दिवस होते ते. मुनीर मशीन तशीच सोडून यायचा, गळ्यात टेप लोंबत असायची. असुर पडला की चहा, नाही पडला तरी चहा.

आमच्यात निनाद बिडवे हा बाईंचा जुना विद्यार्थी. इंजिनीअर झालेला. कुठला योद्धा किती डॅमेज करतो, म्हणजे असुराचा जीव किती उतरवतो, ते त्याला तोंडपाठ. लढाई संपली की मोबाईलवर एक बोर्ड यायचा, कोणी किती मारलं त्याचा. निनादचं नाव कायम वर. तो रोज त्या बोर्डाचा फोटो आमच्या ग्रुपवर टाकायचा. आम्ही रोज खाली शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र टाकायचो.

ही गोष्ट बाईंच्या लातुरातल्या शेवटच्या संध्याकाळची. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या नागपूरला लेकीकडे कायमच्या निघणार होत्या. घरात गाठोडी बांधून झालेली. आणि गोलाईत पाषाणासुर उतरला होता. तेवढा एकच बाईंना कधी मिळाला नव्हता. त्यासाठी त्यांनी सगळं गाव पायाखाली घातलं होतं. आदल्या दिवशी आम्ही हरलो होतो, आणि दिवेलागणीला तो निघून जाणार होता.

बाई त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. म्हणून तर आम्हाला जास्त लागलं होतं.

"बाई, आजही हत्तीच लावायचे," निनाद म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "ससाणे का नको?"

त्यानं समजावून सांगितलं. प्रत्येकाकडे योद्ध्यांची एक रांग असते. एक पडला की मागचा आपोआप उठतो. ससाणा भराभर मारतो, पण दोन फटक्यांत पडतो. हत्ती सावकाश मारतो, पण उभा राहतो, आणि पडेपर्यंत ससाण्याच्या दुप्पट डॅमेज करून जातो. शेवटी जरा हसून म्हणाला,

"पडणाऱ्यावर भरवसा कसा ठेवायचा, बाई?"

बाई पायरीवर टेकल्या.

"काल हत्तीच लावले होते ना?"

"हो."

"बोर्डावर पहिला कोण आला?"

"मी."

"आणि असुर?"

"उभा राहिला," निनाद म्हणाला.

"म्हणजे हरलेल्यांत पहिला."

मुनीरला हसू आवरेना. टेप तोंडावर धरून तो तिकडं बघायला लागला. निनादचे कान लाल झाले. तो म्हणाला, हत्तीची काय चूक, वेळ संपला. बाकीच्यांनी आणखी जोर लावायला हवा होता. बोलताना त्यानं एकदा माझ्याकडेही बघून घेतलं. माझे योद्धे म्हणजे दुकानातल्या पोचे पडलेल्या पातेल्यांसारखे, हे मलाही ठाऊक होतं.

बाईंनी ते ऐकून घेतलं.

"असुराचा जीव केवढा असतो रे?"

"ठरलेला असतो."

"हत्तीनं मारला तरी तेवढाच? ससाण्यानं मारला तरी तेवढाच?"

"तेवढाच."

"मग तू जास्त मारलंस, म्हणजे काय वाढलं? वेळ तर नाही ना?"

निनाद आपली रांग पुन्हा चाळायला लागला. मोबाईलवर लढाईचं घड्याळ उलटं चालायला अजून अवकाश होता...

"शाळेत किती पळायचास तू," बाई म्हणाल्या. "बघत राहावं असं."

ती मॅच मला आठवत होती, मीही बघायला गेलो होतो. शाळेच्या त्या मैदानावर आता गाड्या लागतात. जिल्ह्याची फायनल होती. समोर एक हुलकावण्या देणारा गडी, त्याच्यामागे निनाद एकटा पळतोय, आणि आमची बाकीची पोरं चौकोनात बसून पाठ ताठ करून खोची वाट बघतायत. त्यानं खो दिलाच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्टी झाली तेव्हा गडी मैदानातच होता.

निनादलाही तेच आठवलं असावं. त्यानं मान खाली घातली आणि रांग बदलली. पुढे सगळे ससाणे. मात्र सगळ्यात शेवटी एक हत्ती ठेवलाच. माणूस खिशात एक जुनं नाणं ठेवतो तसा.

बाईंनी बघितलं, आणि आम्हा बाकीच्यांनाही ससाणेच लावायला सांगितलं.

लढाई सुरू झाली.

काय सांगू, ससाणे पडत होते, जशी उन्हाळ्यात वाळलेली पानं. माझी रांग तर बघता बघता संपली. मग मुलींची. मग मुनीरची. त्याचा एक मोठा सुस्कारा ऐकू आला. पण असुराचा जीव कधी नव्हे इतका झरझर उतरत होता. घड्याळही उतरत होतं. दोघांची शर्यतच लागली होती.

बाईंची रांग संपली. आता उभे होते फक्त निनादचे ससाणे. त्यातलेही पटापट गेले, आणि एकच उरला. त्याच्यामागे तो हत्ती.

ससाणा मागे घेऊन हत्ती पुढे आणायला निनादचा अंगठा हत्तीवर गेला. मला स्पष्ट दिसला. भीती होती ती. हत्ती लावला असता तर तो उभा राहिला असता, बोर्डावर नाव मोठं झालं असतं. असुर मात्र...

बाई उठल्या. मागून गेल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"खो."

तुम्ही खो-खो खेळला असाल तर ठाऊक असेल. पाठीवर हात पडला की गडी विचार करत नाही. तो सुटतो.

निनादनं अंगठा काढला. शेवटचा ससाणा सुटला.

तो पडला, त्याच क्षणी असुरही पडला. घड्याळ शून्यावर यायला जेमतेम एक श्वास राहिला होता.

मुनीरनं मला मिठी मारली. चाळीस वर्षांची ओळख, पण तशी मिठी तीच एक.

बाई मात्र निनाद उभा होता त्या जागी, पायरीवर बसल्या होत्या. खो देणाऱ्यानं बसायचं असतं. पाषाणासुर त्यांच्या मोबाईलमध्ये आला. त्यांनी तो एकदा नीट बघितला आणि मोबाईल पर्समध्ये टाकला.

मग बोर्ड आला.

सगळ्यात वर, निनाद बिडवे. सगळ्यात खाली मी. माझ्या जरा वर बाई.

निनादनं सवयीनं फोटो काढला, ग्रुप उघडला, आणि त्याचा हात थांबला. मंदिरात दिवा लागला. कॉलेजच्या मुली चहा सांगायला गेल्या...

"बाई," तो म्हणाला, "हे टाकू?"

"टाक की. तूच पळालास."

"पण हे..."

बाईंनी पदरानं चष्मा पुसला. पुसायला बराच वेळ लावला.

"टाक, लेकरा. फक्त हिशेब खरा ठेव. खो कुणाकुणाचा होता, तेही लिही."