जिऊबाईनं डोहात सोडलेली नावं

सरका गं जरा, पाय पसरू द्या मला. गुडघे आज फार बोलतायत. हं. आता ऐका. हळूच सांगते, मोठ्यानं बोलायचं त्राण नाही.

फार लांब नाही, एका नदीच्या काठी जांभूळखोरं नावाचं गाव होतं. नदीला होता एक डोह, उन्हाळ्यातही न आटणारा. त्या गावात राहायची जिऊबाई. केस पांढरे, पाठ वाकलेली, हाताला सदा पीठ लागलेलं.

जिऊबाईला तीन लेकरं. थोरला लेक तिच्याजवळच राहायचा. त्याची पोरं तिला म्हणायची, आऊ. मधली लेक दिली होती समुद्राकडं. तिची पोरं म्हणायची, बय. धाकटा लेक गेला खानदेशात, कापसाच्या मुलखात. त्याची पोरं म्हणायची, मोठी माय. म्हातारी एक, नावं तीन, बरं का. आणि नातवंडं नऊ.

वैशाखात सगळी नातवंडं जिऊबाईकडं जमायची. मोठी माणसं रानात कामाला, रात्रीचा मुक्कामही तिकडंच, आणि घरात ही एकटी. मग काय विचारता! उजाडलं की सुरू. "आऊ, ताक दे." "बय, माझी वेणी घाल." "मोठी माय, हा मला चावला!" एकाला ओ द्यावी तर दुसरं बोलावतंय. भाकरी तव्यावर आणि पाय दारात. जेवायला बसली की घास हातात तसाच. जरा पाठ टेकली की हाक.

पोरांचा राग नव्हता हो तिला. पण थकली होती. एका झोपेनं जाईल असा थकवा नव्हता तो. हाडात मुरलेला होता.

मग एका दुपारी ती डोहावर पाण्याला गेली. घागर भरली, पण उचलेना. एकदा उचलून पाहिली. दोनदा पाहिली. तिसऱ्यांदा घागरीशेजारीच खाली बसली आणि रडली. मोठ्यानं नाही. डोळ्यांतून पाणी आलं, एवढंच. रडायलाही जोर लागतो, बाळांनो.

तेवढ्यात डोहाचं पाणी हललं आणि आसरा वर आली. आसरा म्हणजे पाण्यातली देवी. नाही रे, भूत नाही. हिरवं लुगडं, मोकळे ओले केस, आणि पाय काही दिसत नव्हते.

"काय हवंय, म्हातारे?" आसरेनं विचारलं.

"झोप," जिऊबाई म्हणाली. "दुसरं काही नको गं बाई."

"झोप माझ्याकडं पुष्कळ आहे. पण तुला नावानं हाक आली की तू उठणार. तुझी नावं सोड माझ्या पाण्यात. मग नीज खुशाल."

जिऊबाईनं मागचापुढचा विचार केला नाही. तोंडासमोर ओंजळ धरली आणि पहिलं नाव काढलं, आऊ. ते कोमट होतं, आत्ताच काढलेल्या दुधासारखं. सोडलं पाण्यात. मग काढलं, बय. त्याची चव खारट होती. तेही सोडलं. मोठी मायला वेळ लागला. भिजल्या गोधडीसारखं जड होतं ते. दोन्ही हातांनी ढकललं तेव्हा कुठं गेलं.

मग घागर सहज उचलली. जिऊबाई घरी आली, पडवीत घोंगडी टाकली आणि झोपली.

पहिल्या दिवशी पोरं तिच्या उशाशी आली. तोंडं उघडली, पण शब्दच येईना. उघडलेली तोंडं मिटली आणि पोरं गेली निघून. शिळं खाऊन निजली.

दुसऱ्या दिवशी ताना तिच्याजवळ बसली. ताना सगळ्यांत मोठी नात, अकरा वर्षांची. समुद्राकडची वेणू पण येऊन बसली.

"ही आपली कोण गं?" ताना म्हणाली.

"आपलीच आहे," वेणू म्हणाली. "पण हिला म्हणतात काय?"

दोघींनाही आठवेना. मग वेणू उगीचच रडायला लागली. घर कसं गप्प गप्प झालं होतं.

तिसऱ्या दिवशी काय झालं, गिरजी एकटीच डोहावर गेली. गिरजी धाकट्या लेकाची, जेमतेम तीन वर्षांची. आंबा खाऊन हात चिकट झाले होते, ते धुवायला कुणाला सांगणार? गेली, वाकली, आणि सटकन घसरली. काठावर करंजाचं झाड होतं. त्याची मुळी हाताला लागली, ती तिनं धरली. पाणी गळ्याशी आलं. हाक मारायला तोंड उघडलं, तर नावच नाही! नुसतं "आऽऽऽ" एवढंच निघालं.

जिऊबाईला झोपेत ते ऐकू आलं. तिला वाटलं, टिटवी ओरडतेय. कूस बदलली. परत ऐकू आलं. वाटलं, कुणाचं वासरू असेल. घोंगडी डोक्यावर घेतली. तिसऱ्यांदा आलं, आणि जिऊबाईनं डोळे उघडले.

"मला तर कुणी बोलावलं नाही," ती म्हणाली.

खरंच होतं ते. त्या हाकेत कुणाचंच नाव नव्हतं. झोप अजून सगळी फिटली नव्हती. पण जिऊबाई उठली. का उठली? ते मलाही नीट सांगता येत नाही. उठली आणि धावली.

डोहावर येऊन बघते तर पोरीचं नुसतं डोकं दिसतंय. तिच्यापर्यंत हात पुरेना. मग जिऊबाई ओरडली, "गिरजेऽ! मुळी सोडू नको गं!"

स्वतःची नावं तिनं सोडली होती. पोरांची नव्हती सोडली. ती सगळी तिच्या तोंडात जशीच्या तशी होती. "ताने! वेणू! भिवा! सारजे!" एका दमात तिनं आठ नावं घेतली, आणि आठही पोरं धावत आली. तानानं करंजाला मिठी मारली. तिचा हात वेणूनं धरला, वेणूचा भिवानं, अशी साखळी झाली. शेवटच्या पोराचा हात धरून जिऊबाई कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि गिरजीची वेणी हाताला लागली, ती धरूनच तिला ओढली.

पोर काठावर आली. ओठ निळे, दात वाजतायत. तिनं दोन्ही हात वर केले. घे म्हणायचं होतं, आणि पुढं म्हातारीचं नाव. पण नाव कुठलं यायला? ती म्हणाली, "घे... ई! घेई!"

जिऊबाईनं तिला उचलून पोटाशी घेतलं. मग डोहाकडं वळून म्हणाली, "माझी नावं परत दे."

आसरा वर आली. "पाणी का थांबतं, बाई?" ती म्हणाली. "नावं गेली वाहत. आऊ खालच्या गावच्या घाटाला लागलं, तिथल्या पोरांनी उचललं. मोठी माय एका बांधाला अडकलं. तिथं एक बिननावाची म्हातारी होती, तिला मिळालं. बय तर पार खाडीपर्यंत गेलं."

जिऊबाईनं पोरीला पदरात गुंडाळलं. अंगात भांडायचा जोरच नव्हता. तेवढ्यात मागून भिवा म्हणाला, "घेई, घरी चल ना." मग वेणू म्हणाली, "घेई, थंडी वाजते." आसरा हसली आणि पाण्यात गेली.

मग सगळी घरी आली. जिऊबाईचा थकवा गेला का? नाही गेला. तसा जात नाही तो. पण त्या दिवशी तानानं चूल पेटवली आणि म्हणाली, "घेई, आधी तू जेव." भिवानं ताक घुसळलं, अर्धं सांडलं. वेणू धाकट्यांच्या वेण्या घालायला लागली, वाकड्यातिकड्या. आणि दुपारी घेई निजली की नऊच्या नऊ पोरं अंगणात कुजबुजत खेळायची. पुढं त्यांच्या पोरांनीही तिला घेईच म्हटलं. ती सुखात राहिली, तिचं सगळं गोकुळ सुखात राहिलं.

संपली गोष्ट. मिटा डोळे. माझेही मिटायला लागलेत. कुणाला पाणी प्यायचं असेल तर आत्ताच सांगा. नाही ना? मग झोपा.