बाजरीत उभी राहिलेली भिवराई

हुं म्हणत राहा रे. हुंकार थांबला की गोष्ट अडते.

फार वर्षांपूर्वी आमच्या बोरओढ्याला नवी नवी शाळा आली. मारुतीच्या देवळातच भरायची. मोठी पोरं बसली, पण लहानग्यांनी आकांत मांडला. आई दिसेनाशी झाली की पोर भोकाड पसरायचं अन् धूम ठोकायचं. मग मास्तर चार दांडगी पोरं मागं सोडायचे. दोघांनी हात धरायचे, दोघांनी पाय, अन् उचलबांगडी करून आणून आदळायचं. तेव्हा सगळीकडं तीच रीत होती.

देवळामागं भिवराई राहायची. लोकांच्या वाकळा, गोधड्या शिवायची. रोजची ती रड तिच्या कानावर पडायची. एक दिवस दाभण तसाच अंबाड्यात खोचून ती पायरीवर येऊन उभी राहिली.

"मास्तर, नवं वासरू दावणीला बांधलं तर तेही हंबरतं. त्याला कुणी आदळतं का?"

"मग काय करू, भिवराई? आयांनाही शाळेत बसवू?"

"बसवा की!"

अन् तिनं बसवल्याच. घरोघर फिरून रडणाऱ्या पोरांच्या आयांच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे आणले, त्यांची एक भलीथोरली वाकळ शिवली अन् देवळात अंथरली. ज्यानं त्यानं आपल्या आईच्या तुकड्यावर बसायचं. त्याला चुलीच्या धुराचा, आईच्या घामाचा वास. पोरं निवली. ती वाकळ कधी अपुरी पडली नाही, नवं पोर आलं की आपोआप हातभर वाढायची, असं म्हणतात.

एकटी अंजिरा तेवढी बसेना. तिची आई देवाघरी गेलेली. भिवराईनं तिच्यासाठी कोरा, रेशमी काठाचा खण जोडला. पोरीनं त्याला पायसुद्धा लावला नाही. पळाली. धरून आणली, पुन्हा पळाली. तिचा बाप सुभाना वैतागला. म्हणाला, "आता पळाली की मामाकडं धाडतो, शेरडं राखायला. नको ती शाळा."

दुसऱ्या दिवशी अंजिरा पळाली. पोरं धरायला उठली, तशी भिवराई आडवी झाली.

"थांबा रे मुडद्यांनो! ती कुठनं पळते ते समद्यांनी बघितलं. कुठं जाते ते बघितलंय का कुणी?"

अन् ती पोरीच्या मागं निघाली. अंजिरा घराकडं वळलीच नाही. ओढा उतरली, बाभळी मागं टाकल्या अन् बापाच्या बाजरीत शिरली. तिथं बुजगावणं उभं होतं. मडक्याचं डोकं, अंगावर विटलेलं हिरवं लुगडं. तिच्या आईचं. पोर त्या पदराखाली शिरली अन् गप बसली.

सुभानाचं तरी काय चुकलं? जुनं कापड शेतातच जायचं.

भिवराईनं त्याच्याकडं ते लुगडं मागितलं.

"आत्या, दाणा भरतोय. घरात दुसरं जुनं कापड नाही. बुजगावणं उघडं केलं तर पाखरं काही ठेवतील का?"

"मी उभी राहते."

"तू? कुठवर?"

"पीक निघंस्तवर."

त्याच दिवशी तिनं ते हिरवं लुगडं पदरासकट वाकळीला जोडलं, अन् दुसऱ्या दिवशी उजाडताच हात पसरून बाजरीत उभी राहिली. ऊन तापलं, पाऊस झोडपून गेला. बाया म्हणायच्या, "अगं, येड लागलं का तुला? बस की घटकाभर." ती बसली नाही. पाखरांचे थवे यायचे, तिच्या खांद्यावर विसावायचे अन् एकही दाणा न टिपता उडून जायचे, असं म्हणतात. तिच्या पायांना मुळं फुटली होती, असंही म्हणतात.

तिकडं देवळात अंजिरा पदराचा कोपरा तोंडात धरून बसायला लागली. मग कोपरा सुटला, हातात पाटी आली.

बाजरीला कोयता लागायच्या दिवशी पोर धावत शेतात आली. सुभानानं कपाळाला हात लावला. "पळाली पुन्हा!"

अंजिरानं भिवराईचं लुगडं ओढलं. "आजी, मी बसले शाळेत. आता तू बस."

तेव्हा भिवराई खाली बसली.

त्या दिवसापासून आमच्या गावात उचलबांगडी बंद झाली ती कायमची. शाळेला आता पक्की इमारत आहे, बाकं आहेत. तरी पहिल्या दिवशी नव्या पोराच्या आईच्या साडीचा, नाहीतर ओढणीचा तुकडा वाकळीला जोडतात. पोर पळालं तर हाताला धरून ओढत नाहीत, आधी त्याच्या मागं जातात. अन् बुजगावण्याला लुगडं नेसवायचं असलं, तर आधी त्याचा पदर फाडून घरात जपून ठेवतात.

कुणाचं पोर कधी शोधत येईल, सांगता येतं का?