शेवंतीचा कान

फार पूर्वीची गोष्ट. म्हणजे इतकीही पूर्वीची नाही हं! गावात नेट यायचं, जायचं, मनात आलं तर परत यायचं, एवढीच पूर्वीची. तर त्या नदीकाठच्या गावात एक परटीण होती, आणि तिची एक गाढवीण होती. गाढविणीचं नाव शेवंती.

परटीण म्हणजे कसली भारी बाई! अख्ख्या गावाचं धुणं तिच्याकडे, पण याचा सदरा त्याच्या घरी गेला असं एकदाही झालं नाही. कारण प्रत्येक घराच्या कपड्यांवर आतल्या बाजूला ती बिब्ब्याच्या काळ्या रसाने इवलंसं चित्र काढायची. पाटलांच्या कपड्यांवर मिशी, मास्तरीणबाईंच्या कपड्यांवर छत्री, वैद्यबुवांच्या कपड्यांवर खल. कापड फाटायचं, पण बिब्ब्याची खूण जायची नाही. आणि स्वतःच्या कपड्यांवर? दोन लांब कानांची शेवंती!

शेवंतीच का, त्यालाही कारण होतं. एकदा धुणं लादून दोघी घाटावर निघाल्या, तर उतारावर शेवंती अडली ती अडलीच. परटिणीने ढकललं, ओढलं, शेवटी हातापाया पडली. शेवंती ढिम्म! आणि तेवढ्यात वरच्या अंगाने पाण्याचा असा लोंढा आला, की बघता बघता धुण्याचा दगडच दिसेनासा झाला. त्या दिवसापासून परटीण शेवंतीला चारा घालायची तोही आधी नमस्कार करून.

पुढे घरोघरी धुण्याची मशीनं आली. धुणं कमी झालं, शेवंतीही म्हातारी झाली. एक दिवस नवरा म्हणाला, "अगं, नुसती बसून खातेय ती. वीटभट्टीवाला मागतोय. दसऱ्याला देऊन टाकू."

"भट्टीवर म्हातारं जनावर किती दिवस टिकतं, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे. पण तिला पोसायचं कशावर, ते सांग."

दसरा महिन्यावर होता.

दुसऱ्या दिवशी ती कुठलासा दाखला आणायला ई-सेवा केंद्रात गेली. तिथल्या ताईंचं लक्ष तिच्या पिशवीवरच्या खुणेकडे गेलं. "अय्या, हे गाढव कुणी काढलं गं? कसलं गोड आहे!"

"मीच. आमची शेवंती ती."

"अगं मग हे विक की! एक वेबसाइट आहे. आपण फक्त चित्र द्यायचं. ते टी-शर्टवर, टोपीवर, कपावर कसं दिसेल ते तिथे दाखवतात. कुणी मागितलं की मगच छापतात आणि परस्पर त्याच्या घरी पाठवतात. आपल्या घरात मालाचा ढीग नको, काही नको. विकलं गेलं की आपला वाटा आपल्याला. खाली काहीतरी लिहू या. काय लिहू?"

परटिणीला तो नदीचा उतार आठवला. "लिहा, 'ढकलून बघा'."

आणि काय सांगावं, आठ दिवसांत फोन वाजला! शहरातल्या डोंगर चढणाऱ्या एका टोळीचा म्होरक्या होता. "काकू, ढकलून बघा! वेडे झालोय आम्ही! दोनशे टी-शर्ट पाहिजेत. पुढच्या रविवारी मोहीम आहे."

दोनशे! म्हणजे शेवंती वाचली! पण परटिणीने एक टी-शर्ट आधी स्वतःसाठी मागवला होता, तो त्याच सकाळी आला होता. ती म्हणाली, "दोन दिवसांनी सांगते हं."

ती थेट घाटावर गेली. टी-शर्ट भिजवला, साबण लावला, दगडावर आपटला, वाळवला. परत भिजवला, परत आपटला. सातव्या धुण्याला शेवंतीचा डावा कान दगडालाच चिकटून राहिला.

तिने वेबसाइटवाल्यांना फोन लावला. तिकडचा माणूस हसायलाच लागला. "ताई, दगडावर कोण आपटतं आता? हलक्या हाताने धुवायचं, आत लिहिलंय बघा."

"दादा, डोंगरावर चिखलात लोळलेला कपडा हलक्या हाताने कोण धुतं?"

नवऱ्याने मात्र डोक्याला हात लावला. "अगं, चित्रात कान आहे ना? लोक चित्र बघून घेतायत. सातवं धुणं होईल तेव्हा ते कुठे आणि आपण कुठे! या दोनशेंत तुझी शेवंती घरी राहतेय. तुझ्याचसाठी सांगतोय मी."

खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता. परटिणीने शेवंतीकडे बघितलं. शेवंती निवांत रवंथ केल्यासारखं तोंड हलवत होती, तिला कशाचा पत्ताच नाही. परटिणीने तिचा डावा कान कुरवाळला. आणि म्होरक्याला फोन लावला. "नाही देत मी. कान टिकत नाही."

"डोकं फिरलंय का काकू? राहू दे, आम्ही दुसरीकडून वाघ छापून घेतो!" म्होरक्याने फोन आपटला.

मग परटीण ताईंकडे गेली. कान गेलेल्या शेवंतीचा फोटो तिने वेबसाइटवर लावायला सांगितला आणि खाली लिहायला सांगितलं, 'सातव्या धुण्याला कान गेला. टिकेल तेव्हाच विकेन.'

ताईंनी कीबोर्डवरचा हात मागे घेतला. "बाई गं, आपल्याच मालाची अशी बदनामी?"

"माल कुठला ताई, खूण आहे ती माझी."

बरेच दिवस काही झालं नाही. घरी नवऱ्याने शेवंतीला बांधून द्यायला खुंटीवरचा दोर खाली काढून ठेवला. तिकडे तो एककान्या शेवंतीचा फोटो मात्र या मोबाइलवरून त्या मोबाइलवर हिंडायला लागला. लोक आधी हसले, मग विचारायला लागले, 'कान आला का?' इतक्या जणांनी विचारलं, की वेबसाइटवाल्यांनी निमूट दुसरा टी-शर्ट पाठवला. यात रंग वरून चिकटवलेला नव्हता, थेट धाग्यात मुरवलेला होता.

परटिणीने तो सात वेळा आपटला. पंधरा वेळा आपटला. एकवीस वेळा आपटला. दोन्ही कान ताठ!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्होरक्याचा फोन आला. आवाज एकदम बारीक. "काकू, वाघ गेला हो. पहिल्याच धुण्यात. नुसत्या मिशा राहिल्यात. दिवाळीला परत चढतोय आम्ही. दोनशे शेवंत्या द्याल?"

दसऱ्याला सकाळीच भट्टीवाला दारात हजर. "वहिनी, न्यायला आलोय. दादांशी ठरलंय माझं."

परटीण काही बोलणार, तेवढ्यात नवरा बाहेर आला. अंगात तोच, एकवीस वेळा आपटलेला टी-शर्ट! त्याने छाती पुढे काढली आणि अक्षरांवर बोट ठेवलं. "वाचा."

भट्टीवाल्याने मोठ्याने वाचलं, "ढकलून बघा." त्याला वाटलं, परवानगीच दिली. त्याने खरंच बाह्या सरसावून शेवंतीला ढकललं. मागून ढकललं, बाजूने ढकललं, घामाघूम झाला. शेवंती ढिम्म! गल्ली पोट धरून हसायला लागली. शेवटी तोही हसत खाली बसला आणि म्हणाला, "वहिनी, माझ्या मापाचा एक मिळेल का?"

तात्पर्य: आपली खूण लोकांच्या अंगावर चढवायची असेल, तर ती आधी आपल्याच दगडावर आपटून बघावी.