चार टॅब्लेट आणि एक पदर

“आजी, फरक कळायला पारखी नजर लागते!” मिरजेतल्या मोबाइलच्या दुकानाचा मॅनेजर निरगुडे आमच्या द्वारकाक्कांवर खेकसला. अक्कांना मोठ्या अक्षरांत पेपर वाचायला टॅब्लेट हवा होता. लाइट, प्लस, प्रो, प्रो प्लस अशी चार मॉडेलं, चौघांचं तोंड एकसारखं. पण स्वस्तातला लाइट हा बाबा द्यायलाच तयार नव्हता. प्रोच घ्या म्हणे!

अक्कांनी चारही टॅब्लेटवर पदर टाकला, आतल्या आत त्यांच्या जागा बदलल्या आणि पदर काढला. “आता दाखव तुझी नजर. यातला प्रो कुठला?”

त्यानं ऐटीत एक उचलला. “हा बघा! अक्षरं कशी मोत्यासारखी दिसतात!”

अक्कांनी तो उलटा केला. पाठीवर नाव होतं, लाइट. अख्खं दुकान खो-खो हसलं.

अक्का म्हणाल्या, “तुझ्या पारखी नजरेलाही हाच आवडला ना, मग हाच बांधून दे!”