कल्हईला गेलेले टोप

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कोणाचं होतं ते मला विचारू नका, मलाही ठाऊक नाही. खाडीकाठी एक गाव होतं, गावात ख्रिस्ताचं देऊळ होतं आणि देवळाचे चार मोठे तांब्याचे टोप होते. घराघरातून एकेक तांब्याचं भांडं गोळा करून, ते वितळवून गावाने ते घडवून घेतले होते. लग्न असो की मयत, ज्याच्या घरी पंगत बसेल त्याने टोप न्यायचे आणि घासूनपुसून परत आणायचे, अशी रीत होती.

टोप सांभाळायचं काम कैतानकडे होतं. माणूस सरळ, कधी देवळातली मिस्सा-प्रार्थना चुकवायचा नाही. पण बरं का, सरळ माणसालाही खोड लागते. चिंच आणि राख घेऊन तो टोप असे घासायचा, की त्यांत बघून मिशी कातरावी. येणारेजाणारे म्हणायचे, "टोप राखावेत तर कैतानने." ते ऐकून स्वारी सुखावायची.

मग परत आलेल्या टोपावर काजळी दिसली, एखादा पोचा दिसला, की त्याचा जीव तीळतीळ तुटू लागला. हळूहळू त्याला सबबी सुचू लागल्या. ज्यांच्याकडे चांगले आचारी, त्यांना टोप मिळायचे. बाकीच्यांना आज हे, उद्या ते.

एके दिवशी मिठागराकडची सांतान दारात आली. ती विधवा होती. एकुलती एक पोर वाढवून आता लग्नाला आणली होती.

"कैतानभाऊ, सोमवारी पोरीचं लग्न आहे. मोठ्या घरची सोयरीक, शंभरावर माणसं येतील. टोप मिळतील ना?"

कैतानच्या डोळ्यांपुढे तिची तीन दगडांची चूल उभी राहिली. टोप कलंडणार, काळा होणार.

"अगं, टोप कल्हईला गेलेत. पंधरा दिवस तरी यायचे नाहीत."

"मग काय इलाज," ती म्हणाली. जाताना तिने त्याच्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशीही केली. टोप तेव्हा आतल्या खोलीत चादरीखाली होते.

सांतानने शेजारणींची लहानमोठी भांडी आणली. पंधरा चुलींवर भात शिजला. कुठे करपला, कुठे कच्चा राहिला. पहिल्याच पंगतीत सोयऱ्यांच्या पानात तो कच्चा भात पडला. वडीलधाऱ्यांनी दोन घास चिवडले आणि ते पानावरून उठले.

सांतान हात जोडून आडवी आली. "राग मानू नका. आमच्या देवळाचे टोप नेमके कल्हईला गेलेत. नाहीतर हे आमचे कैतानभाऊ कोणाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. असा माणूस शोधून सापडायचा नाही."

सगळ्यांनी वळून पंगतीतल्या कैतानकडे पाहिलं. कोणी मानही डोलावली. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं. तो उभा राहिला.

"टोप कल्हईला गेले नाहीत. माझ्या घरात आहेत. पोचे पडतील म्हणून मी खोटं बोललो."

नवरदेवाच्या बापाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि काठी उचलून तो चालू लागला. नवरीने मान खाली घातली.

सांतान म्हणाली, "बसा भाऊ. पानात अन्न आहे."

तो बसला. तो कच्चा भात त्याने शीतही न ठेवता खाल्ला.

दुसऱ्या सकाळी चारही टोप घेऊन तो फादरांकडे गेला. "फादर, हे काम दुसऱ्याला द्या. माझी लायकी नाही."

"ते कळलेला माणूस मला आज मिळाला, त्याला सोडू कशाला?" फादर म्हणाले. "पण आता मागणाऱ्याने यायचं नाही. टोप तुम्ही पोचवायचे."

कैतानने मरेपर्यंत टोप डोक्यावरून घरोघर पोचवले. ते काळे पडले, त्यांना पोचे पडले. पण सोयरे उठले ते उठलेच. सांतानच्या लेकीला त्या भाताचे टोमणे सासरी जन्मभर ऐकावे लागले. कैतानला ते माहीत होतं, आणि सांतान समोर आली की त्याला वर पाहवत नसे.

लहानांनो, थोरांनो, एवढं पक्कं ध्यानात ठेवा: सगळ्यांचं म्हणून राखायला दिलेलं जो गरजेच्या वेळी देत नाही, तो ते राखत नाही, चोरतो.