घेवड्याची वाकडी ओळ

शाळेच्या बागेतली अवजारं बोलायची आणि पाखरांना, खारींना त्यांचं बोलणं कळायचं, त्या काळची ही गोष्ट. उन्हाळ्याची सुट्टी लागली, मुलं आपापल्या आजोळी गेली, आणि बागेत एकटं खुरपं उरलं. वाफे सुकायला लागले तेव्हा त्यानं हाक दिली, "अरे, कुणीतरी मदतीला या रे!"

खारूताई लगेच आली. कुठून कुठून घेवड्याचं बी आणून तिनं मन लावून पेरलं. खुरपं म्हणालं, "ओळ वाकडी झाली."

साळुंकी आली. हौदातलं पाणी चोचीतून आणून दिवसभर त्या बियांवर घालत राहिली. खुरपं म्हणालं, "निम्मं तर वाटेतच सांडलंस."

दुसऱ्या दिवशी खारूताई आली नाही. साळुंकी आली, कुंपणावर बसली. खुरपं म्हणालं, "आज उशीर केलास." ती उडाली ती पुन्हा फिरकली नाही.

"हल्ली कामाची आवडच नाही कुणाला," खुरपं पुटपुटलं. मग रोज हाका मारून त्याचा घसा बसला. पुढे तर त्या सामसूम बागेत घुमणारा आपलाच आवाज ऐकायची त्याला भीती वाटू लागली.

एका सकाळी सुकल्या बागेत त्याला हिरवं काहीतरी दिसलं. घेवडा उगवला होता. ओळ वाकडीच होती, पण एकही बी वाया गेलं नव्हतं.

खुरपं कितीतरी वेळ बघत राहिलं.

"किती छान केलंत गं दोघींनी!" ते म्हणालं.

कुंपणावर कुणीच नव्हतं.