ग्लेनचा सोलो

"मग तंत्र कोणाचं पक्कं, मास्तर? रॉक वाजवणाऱ्यांचं की आपलं? एकदाच काय ते सांगा."

ऋता वर्तक फाटकापासूनच बोलत आली. पायातली चप्पल तिने अशी भिरकावली की एक थेट मोगऱ्याच्या वाफ्यात जाऊन पडली.

एलायस मास्तर ओट्यावर बसून गिटारच्या तारा पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आपलं," ते म्हणाले.

ऋता थबकली. ती भांडायच्या तयारीने आली होती.

"आपलं म्हणजे?"

"जॅझवाल्यांचं. त्यात विचारायचं काय? ते तीन-चार कॉर्डवर गाणं काढतात. आपल्याला एका ओळीत तेवढे बदलावे लागतात. ते बसवलेलं वाजवतात, तू उभ्या उभ्या नवं रचतेस. बोटं तुझी जास्त चालतात. कान तुझा जास्त तयार आहे. झालं?"

ऋताला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तरी राग तसूभर उतरला नाही.

मास्तर तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांमधल्या जॅझ बँडमध्ये गिटार वाजवायचे. आता वसईच्या आपल्या वाडीत राहून ते निवडक मुलांना शिकवत. निवडक म्हणजे त्यांचा तापट स्वभाव सोसून टिकलेली. त्यात ऋता सगळ्यांत पुढे होती, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

"मग हेच त्या रुबेनला सांगा," ती म्हणाली. "माझ्यासमोर सांगा."

"काय केलं रुबेनने?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"तू सांग."

ती सांगू लागली. आवाज चढतच गेला.

काल संध्याकाळी चर्चच्या मैदानावर ग्लेन तुस्कानोच्या पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम होता. ग्लेन आणि त्याचा धाकटा भाऊ रुबेन यांचा रॉक बँड होता. ग्लेन गिटारवर, रुबेन ड्रमवर. गेल्या वर्षी महामार्गावर एका ट्रकने ग्लेनची मोटरसायकल उडवली. ग्लेन गेला आणि बँड बंद पडला. त्याच्या आठवणीसाठी एकदा वाजवायचं ठरलं, तेव्हा ग्लेनच्या जागी उभं राहायला रुबेनने ऋताला बोलावलं.

ग्लेनचं एक गाणं होतं, त्याने स्वतः बांधलेलं. त्याच्या शेवटी त्याचा सोलो, गिटारचा खास तुकडा. वाडीतल्या पोरांना तो तोंडपाठ होता. ऋताने मोबाइलवर जुनं रेकॉर्डिंग ऐकून तो एका दुपारीच बसवला. बसवला म्हणजे दुरुस्त केला. शेवटच्या चढणीवर ग्लेन तार खेचून वरच्या सुरावर जायचा. तो सूर दर वेळी उशिरा यायचा, आणि यायचा तोही किंचित उतरलेला. ऋताने तो नेमका जागेवर आणला.

बँडबरोबर बसायला वेळ मिळाला नव्हता. कोणाचं काय वाजतं हे कळायला तिला सरावाची गरजही वाटली नव्हती.

मैदानावर ती त्या वरच्या सुरावर पोचली, अचूक, आणि मागचा ड्रम बंद पडला.

तिने वळून पाहिलं. रुबेनने काठ्या मांडीवर ठेवल्या होत्या. बँडमधले बाकीचे दोघं गोंधळले, थांबले. भरल्या मैदानासमोर ऋता एकटी वाजवत राहिली. मग तिने हात काढला, गिटार उचलली आणि स्टेजवरून उतरून सरळ घर गाठलं.

"माझे आईबाबा समोर बसले होते, मास्तर. त्याला साधा ठेका धरता येत नाही, आणि तो मला पाडतो? मुद्दाम केलं त्याने. स्वतःच्या भावाहून कोणी चांगलं वाजवतंय, हे सहन झालं नाही त्याला."

मास्तरांनी फडकं बाजूला ठेवलं.

"मी होतो तिथं," ते म्हणाले.

"तुम्ही होतात?"

"मागे बसलो होतो."

"मग काल काही बोलला का नाहीत?"

"तू थांबलीस कुठं?"

ऋता आणखी काही बोलणार, तेवढ्यात फाटक वाजलं. रुबेनच होता. त्याच्या हातात ऋताची कापडी पिशवी होती. काल ती स्टेजवरच राहिली होती, तिच्या वायरींसकट.

"घरी गेलो होतो तुझ्या. आई म्हणाली, इकडे आलीस," रुबेन म्हणाला. त्याने पिशवी ओट्याच्या कडेला ठेवली. तो वर आला नाही.

"बस, रुबेन," मास्तर म्हणाले.

"नको, अंकल. निघतो."

"बस म्हणतो ना."

रुबेन पायरीवर टेकला. डोळे सुजलेले होते. ऋताने तोंड फिरवलं.

"ही म्हणते, तुझ्यापेक्षा आणि तुझ्या भावापेक्षा हिचं तंत्र पक्कं आहे," मास्तर म्हणाले. "मी म्हटलं, खरं आहे."

मास्तर इतक्या उघड बोलतील असं ऋतालाही वाटलं नव्हतं.

रुबेनने खांदे उडवले.

"माहीत आहे, अंकल. म्हणून तर हिला बोलावलं."

"मग थांबलास का?" ऋता उसळली. "काठ्या खाली ठेवून बघत काय बसलास? मी चुकले होते?"

"नाही."

"मग?"

"तुला कोणी सांगितलं होतं त्याचं गाणं सुधारायला?"

"तो सूर चुकीचा होता, रुबेन. उशिरा यायचा."

"यायचा."

"आणि उतरलेला असायचा."

"असायचा. लहानपणी सायकलच्या साखळीत बोट गेलं होतं त्याचं. हे बोट." रुबेनने डाव्या हाताचं तिसरं बोट वर धरलं. "पुरतं वळायचं नाही. तार खेचायला त्याला वेळ लागायचा. दुसऱ्या बोटाने कर म्हटलं तर ऐकायचा नाही. हट्टी होता."

"मग मी केलं त्यात वाईट काय केलं?"

रुबेनने ते बोट मुठीत मिटून घेतलं.

मास्तर उठले. आतून एक लाकडी स्टूल आणून त्यांनी रुबेनच्या पुढ्यात ठेवलं. ऋताला ओट्यावर बसवून स्वतःची गिटार तिच्या मांडीवर ठेवली.

"वाजवा. चढणीपासून."

"मी याच्याबरोबर वाजवणार नाही," ऋता म्हणाली.

"तू न्याय मागायला आलीस ना? मग वाजव."

रुबेन स्टुलावर हातांनी ठेका देऊ लागला. साधाच ठेका, दणकट. ऋताने रागारागात तार छेडली. राग होता तरी एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. ती चढण चढली आणि वरचा सूर तिने नेमक्या ठोक्यावर ठेवला.

रुबेनचा हात मात्र त्या ठोक्यावर पडला नाही. तो हवेत राहिला होता... मग पडला, पण तोवर ऋता पुढे निघून गेली होती.

दोघंही थांबले.

"पाहिलंत?" ऋता मास्तरांना म्हणाली. "लय सुटते याची. नेमकी तिथंच. कालही तिथंच सुटली असणार."

रुबेन आपल्या हाताकडे बघत होता.

"मला ठाऊकच नव्हतं," तो हळू म्हणाला. "शाळेपासून वाजवत आलो त्याच्याबरोबर. मी तिथं थांबतो, हे मला कधी कळलंच नाही. काल कळलं. मी थांबलो... आणि तू तिथं नव्हतीस. पुढे गेली होतीस. मग हातच उचलेनात."

विहिरीवरचा पंप चालू होता, तेवढाच आवाज.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

"नको, अंकल."

"पुन्हा."

रुबेनने ठेका धरला. आता ऋताला कळलं होतं तो कुठं थांबतो ते. ती चढण चढली, वरच्या सुरापाशी आली, आणि तिने तेवढीच जागा सोडली. अर्ध्या ठोक्याहून थोडी कमी. मग सूर लावला, किंचित उतरवून. हुबेहूब रेकॉर्डिंगमधला. रुबेनचा हात आणि तिचा सूर एकाच क्षणी पडले.

रुबेन ताडकन उठला.

"नक्कल करू नकोस त्याची," तो म्हणाला. "कालचं परवडलं. काल तू निदान तुझं वाजवत होतीस."

"मग करू तरी काय मी?" ऋता ओरडली. "जागेवर वाजवलं तर काठ्या टाकतोस. उशिरा वाजवलं तर नक्कल म्हणतोस."

"काही करू नकोस. मी बोलावलं, माझंच चुकलं."

तो पायऱ्या उतरला. फाटकापाशी क्षणभर थांबला, मास्तरांकडे बघून मान लववली आणि निघून गेला.

ऋताचा हात पुन्हा तारांवर गेला. तिला तो सोलो आणखी एकदा वाजवायचा होता. कसा, ते तिलाही सांगता आलं नसतं. पहिला सूर निघतो न निघतो, तोच मास्तरांनी पुढे वाकून आपला तळहात तारांवर दाबला.

सूर जागीच मेला.

त्यांचा चेहरा लाल झाला होता. इतकी वर्षं त्यांच्या शिव्या खाल्लेल्या ऋताला कळलं, की हा राग त्यातला नाही.

"तो गेला," ते म्हणाले. "आता कोणाला ऐकवतेस?"

ऋताने गिटार खाली ठेवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते संतापाचं होतं.

"ती चूकच आहे, मास्तर. रुबेनचं तिथं थांबणं. तुम्ही काहीही म्हणा."

"मी कुठं नाही म्हणतो? चूकच आहे."

"सात वर्षं तुम्ही मला पायाने ठोका द्यायला लावलात. एकदा लय सुटली म्हणून गिटार हिसकावून घेतलीत. मी रडत घरी गेले होते. कुठंही थांबायचं नाही, मागे राहायचं नाही, कोणी चुकला तरी आपण चुकायचं नाही... हे तुम्हीच शिकवलंत."

"मीच."

"आणि काल मैदानात लोक कोणाकडे बघत होते? त्याच्याकडे. ज्याला ठेका धरता येत नाही, त्याच्याकडे बघून बायका डोळे पुसत होत्या. मी इतकं अचूक वाजवलं आणि माझ्याकडे एकानेही बघितलं नाही."

मास्तर गिटार उचलून पुन्हा तारा पुसू लागले.

"उत्तर द्या ना."

फडकं तारांवरून फिरत राहिलं.

ऋताने मनगटाने डोळे पुसले. ती उठली, पिशवी खांद्याला अडकवली. मग पुन्हा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, हट्टाने, लहान मुलीसारखी.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग मलाही शिकवा. त्याच्यासारखं थांबायला शिकवा."

मास्तरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं...

"थांबणार कोणासाठी?"